जीवन वरातीत, आत कारभारी

‘जीवन वरातीत, आत दडून बसलाय कारभारी (3)’

हे वाचताना डोळ्यांसमोर काय आलं? बहुधा जीवन नावाचा कुणी तरुण, बाहेर वाजतगाजत चाललेली वरात आणि आत कुठेतरी हिशेबाची वही उघडून बसलेला एक पोक्त माणूस. तुम्ही काही ठरवायच्या आधीच मेंदूने हे चित्र रंगवून टाकलं, आणि त्यातलं काहीही उत्तराच्या कामाचं नाही. उत्तर आहे ‘नवरा’. कंसातला 3 म्हणजे उत्तरात तीन अक्षरं. ‘जीवन वरातीत’ यातली मधली मोकळी जागा पुसून टाका आणि एकेक अक्षर म्हणा: जी, व, न, व, रा, ती, त. तिसरं, चौथं आणि पाचवं अक्षर बघा. ‘आत दडून बसलाय’ हे शब्दशः खरं होतं. राहिला कारभारी. तो म्हणजे घरधनी, नवरा.

अशा क्लूंनी भरलेल्या कोड्याला क्रिप्टिक क्रॉसवर्ड म्हणतात. आपण गूढ शब्दकोडं म्हणू. साध्या शब्दकोड्यात ‘पती, दादला (3)’ एवढं विचारून भागतं. येत असेल तर लिहायचं, नसेल तर पुढच्या चौकटीकडे वळायचं. गूढ कोड्यातल्या क्लूचे मात्र दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ आणि दुसऱ्या टोकाला तेच उत्तर अक्षरांतून घडवण्याची करामत. दोन्ही वाटा एकाच शब्दावर पोहोचाव्या लागतात. दोहोंमधला सांधा इतका बेमालूम असतो की वाचणाऱ्याला एक सलग, साळसूद वाक्य दिसतं. भाषेशी खेळायचे जेवढे खेळ माणसाने शोधले, त्यांत इतकी प्रामाणिक फसवणूक मला दुसऱ्या कशात आढळलेली नाही.

प्रामाणिक हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. शब्दकोड्याचा जन्म 21 डिसेंबर 1913 चा. त्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आर्थर विन यांचं कोडं छापून आलं. त्यातले क्लू साधे होते. गूढ वळण त्याला ब्रिटनमध्ये लागलं. एडवर्ड पोविस मॅथर्स हे कवी आणि अनुवादक 1926 पासून ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कोडी रचू लागले. टॉर्केमाडा म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांचा छळ करणाऱ्या स्पेनच्या धर्मन्यायालयाचा कुप्रसिद्ध प्रमुख. नाव सार्थ होतं, कारण मॅथर्स यांची कोडी सोडवणाऱ्यांचा घाम काढत. 1939 मध्ये ते वारले आणि डेरिक मॅकनट यांनी ‘झिमेनीस’ या नावाने गादी चालवली. झिमेनीसही धर्मन्यायाधीशच. 1972 पासून जोनाथन क्राउदर ‘अझेड’ या नावाने रचू लागले. डेझा नावाच्या तिसऱ्या एका धर्मन्यायाधीशाची रोमन अक्षरं उलटी लिहिली की अझेड होतं, म्हणजे टोपणनाव हाही एक क्लूच.

छळ करणाऱ्यांची नावं घेणाऱ्या याच मंडळींनी न्यायाचे नियमही घालून दिले. मॅकनट यांनी 1966 मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले. या परंपरेचं सार असं की क्लूमध्ये अचूक अर्थ असावा, उत्तर घडवण्याची न्याय्य कृती असावी आणि याखेरीज एकही शब्द नसावा. ‘अ‍ॅफ्रिट’ या नावाने रचणारे ए. एफ. रिची यांनी त्याआधीच म्हणून ठेवलं होतं की, मी जे म्हणतो तेच मला अभिप्रेत असायला हवं असं नाही, पण मला जे अभिप्रेत आहे ते मी म्हटलेलं असलंच पाहिजे. म्हणजे क्लू खोटं बोलत नाही. वाचणारा स्वतःहून चुकीच्या रस्त्याला लागतो. तो का लागतो, हा भाषाविज्ञानाचा आणि मानसशास्त्राचा प्रश्न आहे.

पुढचं वाक्य वाचा: रमेशने सुरेशला मारणाऱ्या मुलाला समजावलं. ‘मार’पर्यंत पोहोचताना तुमच्या मनात रमेशचा हात सुरेशवर उठलेला होता. ‘णाऱ्या’ आलं आणि हात रमेशचा राहिला नाही, तिसऱ्याच मुलाचा झाला. वाक्य पूर्ण होईपर्यंत मेंदू थांबत नाही. जेवढे शब्द आले तेवढ्यांवर अर्थ बांधत जातो आणि पुढे चुकलं तर पाडून पुन्हा बांधतो. रोजच्या वाचनात ही घाई फायद्याची ठरते, कारण बहुतेक वेळा पहिला अंदाज बरोबर असतो. क्लू रचणारा नेमक्या याच घाईवर विसंबून असतो. फरक एवढाच की त्याच्या वाक्यात ‘णाऱ्या’सारखा धक्का येत नाही. चुकीचा अर्थ शेवटपर्यंत सुरळीत लागतो, म्हणून तो पाडून टाकावा असं मनातच येत नाही.

एकेका शब्दाच्या पातळीवर काय घडतं, हे डेव्हिड स्विनी यांच्या 1979 च्या प्रयोगाने दाखवलं. ऐकणाऱ्यांना एका सरकारी इमारतीची हकिगत ऐकवली जात होती. खोलीत झुरळं, कोळी आणि इतर ‘बग’ सापडले, असं त्यात वाक्य होतं. इंग्रजीत बग म्हणजे किडा, आणि चोरून बोलणं ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. इथे झुरळांचा उल्लेख असल्याने किडाच हे उघड होतं. ‘बग’ कानावर पडताक्षणी पडद्यावर एखादी अक्षरमाला झळकायची आणि तो खरा शब्द आहे की नाही, हे सांगायचं असायचं. ‘मुंगी’ लोकांनी झटकन ओळखली, यात नवल नाही. पण ‘हेर’ हा शब्दही तितक्याच झटकन ओळखला गेला. म्हणजे संदर्भ कितीही स्पष्ट असला तरी त्या क्षणी दोन्ही अर्थ जागे झाले होते. दोन-तीन अक्षरं पुढे सरकल्यावर, साधारण सेकंदभरात, ‘हेर’ची ती आघाडी संपलेली असायची. नको असलेला अर्थ मेंदूने परत निजवला होता, आणि ऐकणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

गूढ कोड्याचं सगळं मर्म मला या प्रयोगात दिसतं. उत्तराकडे नेणारा अर्थ तुमच्या मनात क्षणभर येऊन गेलेला असतो. ‘कारभारी’ वाचताना नवराही जागा झाला असणार, पण वरातीच्या गर्दीत मेंदूने त्याला बाजूला सारलं. कोडं सोडवणं म्हणजे मेंदूने टाकून दिलेलं पुन्हा उचलून बघणं.

आता हा क्लू घ्या: ‘आणि माळ्यात लपला शिवरायांचा सैनिक (3)’. माळा दिसतो, सैनिक दिसतो, लपणंही दिसतं. जो दिसत नाही तो पहिलाच शब्द. ‘आणि’ म्हणजे ‘व’. तो ‘माळा’ या शब्दात शिरला की मा, व, ळा. मावळा! जोडणारे शब्द, प्रत्यय, अव्ययं यांच्यावरून नजर घसरते हे प्रयोगांतूनही दिसलं आहे. वाचताना डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तर असे छोटे कामकरी शब्द पुष्कळदा न थांबता ओलांडले जातात. अ‍ॅलिस हीली यांनी 1976 मध्ये लोकांना इंग्रजी उताऱ्यातलं ‘टी’ हे अक्षर दिसेल तिथे खूण करायला सांगितलं होतं. ‘द’ (the) या अतिपरिचित शब्दातले ‘टी’ लोकांच्या हातून सर्वांत जास्त निसटले. जो शब्द आपण सर्वाधिक वेळा पाहिला तोच आपण सर्वांत कमी पाहतो. म्हणून अनुभवी रचनाकार महत्त्वाचा ऐवज ‘आणि’, ‘पण’, ‘वर’, ‘ला’ अशा ठिकाणी ठेवतो. जादूगार एक हात हलवतो तेव्हा दुसऱ्या हाताकडे बघावं, तसंच हे.

करामतीचे प्रकार बरेच आहेत. शब्दात शब्द लपवणं आणि शब्द शब्दात घालणं हे दोन पाहिले. उलटा वाचायचा प्रकार मला फार आवडतो, कारण त्यात क्लू अगदी आटोपशीर होऊ शकतो. ‘उलटी वाहते नदी बिचारी (2)’. नदी उलटी केली की दीन, आणि दीन म्हणजे बिचारी. चार शब्द, एकही वाया गेलेला नाही. तुकडे जोडण्याच्या प्रकारात ‘जंगलाचा दरवळ म्हणजे रामाची चौदा वर्षं (4)’ हा क्लू बघा. वन आणि वास. वनवास हा शब्द आपण आयुष्यभर उच्चारतो, पण त्यातल्या वासाला गंध आहे असं कधी वाटत नाही, कारण तिथे वास म्हणजे राहणं हे पक्कं ठरून गेलेलं असतं. दुहेरी अर्थाच्या क्लूमध्ये करामतीचा भागच नसतो, दोन्ही टोकांना अर्थच असतात: ‘जो मिळाला की जी ताठ होते (2)’. मान मिळाला की मान ताठ होते. लिंगभेदाने दोन अर्थ वेगळे ठेवण्याची सोय मराठीत आयती आहे.

ध्वनिसाम्याचे क्लू मात्र आपल्याकडे फारसे जमत नाहीत. इंग्रजीत लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरं असा प्रकार असल्याने त्यांचं तिथे उदंड पीक येतं. आपल्याला दिन आणि दीन, सुत आणि सूत अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांवर भागवावं लागतं.

अक्षरांची उलथापालथ हा इंग्रजी कोड्यांचा लाडका प्रकार. नऊ वेगवेगळी अक्षरं 3,62,880 प्रकारे मांडता येतात, त्यामुळे त्यांतून नेमका शब्द शोधणं कठीण. सोडवणारे ती अक्षरं अनेकदा गोल करून लिहितात. अक्षरं मूळ क्रमात दिसली की जुना शब्द आपोआप वाचला जातो आणि नवा सुचू देत नाही. गोलात त्या क्रमाची सुरुवातच हरवते. मराठीत कानामात्रा अक्षराला चिकटलेल्या राहतात, शब्दही तीन-चार अक्षरांचे, त्यामुळे उलथापालथीला वाव कमी. तीन अक्षरांचे सहाच क्रम होतात. तरी कधीकधी अशी जोडी सापडते की रचणाऱ्याचं भाग्यच म्हणावं. ‘जळका, नव्या रूपात डोळ्यांची शोभा (3)’. ज, ळ, का ही अक्षरं फिरवली की काजळ. आणि काजळ खरोखरच जळण्यातून, काजळीतून तयार होतं. वरवरचं वाक्य आणि आतली करामत दोन्ही एकच गोष्ट सांगतात असा क्लू वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

शब्दांच्या सीमा हलवून अर्थ फिरवायची कला आपल्या परंपरेला नवी नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. ‘केशवं पतितं दृष्ट्वा’ हा कूटश्लोक अनेकांनी शाळेत ऐकला असेल. केशव पडलेला पाहून द्रोणाला हर्ष झाला आणि कौरव रडू लागले, असं तो म्हणतो. महाभारत माहीत असणारा चक्रावतो. ‘के शवम्’ असं तोडलं की पाण्यात पडलेलं प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलं म्हणून कोल्ह्यांना रडू आलं. ‘जीवन वरातीत’ची चाल हीच आहे. महाभारत जितकं जास्त ठाऊक, तितकी फसगत जास्त, हे इथे विशेष. ज्ञानच वाट अडवतं.

मग उत्तर सुचतं तेव्हा नेमकं काय होतं? जॅनेट मेटकाफ आणि डेव्हिड वीबी यांनी 1987 मध्ये लोकांना दोन प्रकारचे प्रश्न सोडवायला दिले आणि दर पंधरा सेकंदांनी विचारलं की, उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतंय? बीजगणिताच्या उदाहरणात जवळीक हळूहळू वाढत गेली. अचानक उलगडणाऱ्या कोड्यांत मात्र लोक अगदी शेवटपर्यंत ‘काहीच सुचत नाही’ असंच सांगत राहिले आणि पुढच्याच क्षणी उत्तर देऊन मोकळे झाले. गूढ कोडं सोडवणाऱ्याला हा अनुभव अगदी ओळखीचा असतो. 2004 मध्ये मार्क बीमन, जॉन कुनिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांची छोटी कोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूतले विद्युतसंकेत नोंदवले. उत्तर अचानक सुचल्याचं लोक सांगत, त्या वेळी उजव्या कानाच्या वरच्या भागात, ‘सुचलं’ हे कळवणारं बटण दाबण्याच्या सुमारे 0.3 सेकंद आधी, उच्च वारंवारतेच्या लहरींचा एक झोत उसळलेला दिसला. यावरून उजवा मेंदू सर्जनशील आणि डावा हिशेबी अशी सरधोपट वाटणी करू नये. दोन्ही बाजू सतत कामात असतात. मेंदूच्या त्या भागाचा संबंध दूरदूरचे, सैलसर अर्थ जोडण्याशी असावा, एवढं मात्र या आणि इतर प्रयोगांतून पुढे आलं आहे.

अचानक सुचलेल्या उत्तरावर विश्वास ठेवावा का? 2016 मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की एकदम सुचलेली उत्तरं पायरीपायरीने काढलेल्या उत्तरांपेक्षा जास्त वेळा बरोबर निघाली. गूढ कोड्यात तर पडताळा क्लूमध्येच बसवलेला असतो. अर्थ आणि करामत या दोन स्वतंत्र साक्षी एकाच शब्दावर जुळल्या की शंका उरत नाही. साध्या कोड्यात ही खात्री मिळत नाही, तिथे ‘पती’ लिहावं की ‘कांत’ हे शेजारच्या शब्दांवर सोडावं लागतं.

कॅथरिन फ्रीडलँडर आणि फिलिप फाइन यांनी बकिंगहॅम विद्यापीठातून 2016 मध्ये 800 हून अधिक सोडवणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शब्दांचा खेळ म्हणजे साहित्यिकांचं राज्य असेल असा आपला समज. प्रत्यक्षात निष्णात मंडळींमध्ये गणित, विज्ञान आणि संगणक क्षेत्रातले लोक मोठ्या प्रमाणावर होते. मला हे पटतं. वाक्याची भूल न पडता त्याच्याकडे अक्षरांची मांडणी म्हणून बघणं, हा बीजगणिताशी जवळचा गुण आहे. लढाईच्या काळातही तो कुणाच्या तरी ध्यानात आला होता. जानेवारी 1942 मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि त्यात भाग घेतलेल्या काहींना नंतर ब्लेचली पार्क या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्रात कामावर बोलावणं आलं.

चौकटींच्या जाळ्याबद्दलही थोडं. उभे आणि आडवे शब्द एकमेकांना छेदतात, याचं गणित क्लॉड शॅनन यांनी माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या आपल्या 1948 च्या शोधनिबंधात मांडलं आहे. भाषेत काही प्रमाणात अतिरिक्तता असते, म्हणजे सगळी अक्षरं न दिसताही पुढचं ओळखता येतं. ही अतिरिक्तता शून्य असती, तर कुठलीही अक्षरं कशीही भरली तरी शब्दच झाला असता आणि प्रत्येक जाळं हे शब्दकोडं ठरलं असतं. ती फार जास्त असती, तर मोठी कोडी रचताच आली नसती. इंग्रजीची अतिरिक्तता शॅनन यांनी साधारण निम्मी धरली, आणि एवढ्यात मोठी कोडी जेमतेम शक्य होतात असं दाखवलं. ती 33 टक्के असती, तर त्रिमितीतली शब्दकोडीही रचता आली असती!

मराठीत एका चौकटीत कानामात्रेसकट पूर्ण अक्षर बसतं. इंग्रजीत चौकटीला 26 पर्याय, तर आपल्याकडे 34 व्यंजनं आणि बाराखडी धरली तर जोडाक्षरं सोडूनही चारशेच्या वर. उभ्या शब्दातला ‘री’ आडव्या शब्दालाही ‘री’च लागतो, ‘र’ किंवा ‘रा’ चालत नाही. त्यामुळे घट्ट विणलेलं जाळं रचणं मराठीत जास्त अवघड. सोडवणाऱ्याला मात्र याचा लाभ होतो, कारण छेदातून मिळालेलं एकच अक्षर बाकीचे बरेच शब्द बाद करून टाकतं.

संगणक हे सोडवू शकतो का? 2021 मध्ये पाच लाखांहून अधिक इंग्रजी गूढ क्लू गोळा करून एका मोठ्या भाषाप्रारूपाला, म्हणजे ढीगभर मजकुरावरून भाषा शिकणाऱ्या संगणकप्रणालीला, शिकवण्यात आले. न पाहिलेल्या क्लूंपैकी 7.6 टक्के त्याला सुटले, तर ठरावीक नियमांवर चालणाऱ्या जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमला 8.6 टक्के. त्यानंतरची प्रारूपं सुधारली आहेत, पण अडचण मुळातच आहे. ही यंत्रं मजकूर अक्षराअक्षराने वाचत नाहीत. त्यांना शब्द किंवा शब्दांचे तुकडे एकेक ठोकळा म्हणून दिसतात. ठोकळ्याच्या आतली अक्षरं त्यांना आपसूक दिसत नाहीत, आणि कोड्याला नेमकी तीच लागतात. अर्थाच्या प्रवाहात वाहून जाणं ही माणसाची अडचण यंत्राचीही आहे, फक्त निराळ्या कारणाने.

सुरुवात करणाऱ्याने क्लू पहिल्यांदा वाचावा आणि त्यातली गोष्ट लगेच विसरावी. अर्थ नेहमी एका टोकाला असतो, म्हणून पहिले एकदोन शब्द आणि शेवटचे एकदोन शब्द झाकून-उघडून बघावेत. ‘आत’, ‘पोटात’, ‘उलट’, ‘विस्कटून’, ‘नव्या रूपात’, ‘मागून’ असे शब्द म्हणजे करामतीच्या खुणा. विरामचिन्हांवर भरवसा ठेवू नये, शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तर मुळीच नाही. आणि अडलं की कोडं बाजूला ठेवून दुसरं काम करावं. अशा विश्रांतीचा फायदा होतो, हे शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 2009 च्या अभ्यासात दिसलं आहे. त्यामागचं एक कारण असं मानलं जातं की चुकीच्या अर्थाची पकड तेवढ्या वेळात सैल होते.

असं बाजूला ठेवून पुन्हा बघण्यासाठी हा एक क्लू: ‘दिवसामागून हत्ती चालला पंढरीला (4)’. हत्तीची संस्कृत नावं आठवून बघा.